बाळाच्या वाटीत फल्लीदाणे, अंडं, गहू: कधी, किती आणि कसं द्यायचं

बाळ सहा महिन्यांचं झालं, उष्टावण झालं, मऊ वरण-भात सुरू झाला, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दाणे नको हो एवढ्यात, बाधतील. अंडं तर वर्षाचा झाल्याशिवाय नकोच." हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो आणि एके काळी डॉक्टरही हेच सांगायचे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली ॲलर्जीची शक्यता जास्त असलेल्या मुलांसाठी अंडं दोन वर्षांपर्यंत, तर दाणे, सुकामेवा आणि मासे तीन वर्षांपर्यंत टाळायला सांगितलं होतं. २००८ साली त्यांनी ही भूमिका बदलली, कारण उशिरा दिल्याने ॲलर्जी टळते याला पुरावा मिळाला नाही.

पुढे चित्र उलटंच निघालं. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या 'लीप' अभ्यासाचा निकाल २०१५ साली आला. या सगळ्या बाळांना तीव्र इसब, अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही होतं. निम्म्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात दाण्याचे पदार्थ सुरू केले, निम्म्यांना पाच वर्षं दाण्यापासून लांब ठेवलं. पाचव्या वर्षी, दाणे टाळलेल्या मुलांपैकी १७.२ टक्क्यांना दाण्याची ॲलर्जी होती आणि खाल्लेल्यांपैकी ३.२ टक्क्यांना. हीच मुलं किशोरवयात पुन्हा तपासली तेव्हाही फरक टिकून होता.

म्हणून आजचा सल्ला असा: वरचं अन्न सुरू झालं की ॲलर्जी करू शकणारे पदार्थही त्याच सुमारास, थोडे थोडे, एका वेळी एक, आणि मग नियमित द्या. अवघड जातं ते शेवटचं, नियमित देणं.

आधी ठरवा: घरी सुरू करायचं की डॉक्टरांकडे जायचं

बहुतेक बाळांना घरीच सुरू करता येतं. अंगावर थोडाफार इसब असेल, गाल-कोपर कधीमधी कोरडे लाल होत असतील, तरीही साधारण सहाव्या महिन्यात घरी देता येतं.

बाळाला तीव्र इसब असेल, म्हणजे पुन्हा पुन्हा उठणारा, डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड मलम वरचेवर लावावं लागणारा, किंवा कुठल्याही पदार्थाने आधी गांधी उठल्या असतील, ओठ-डोळे सुजले असतील, तर मात्र घरी प्रयोग नको. अशा बाळाला दाण्याचा सर्वांत जास्त फायदा होतो आणि धोकाही त्यालाच जास्त असतो. त्याला चौथ्या-पाचव्या महिन्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरज वाटली तर त्वचेवर किंवा रक्तात दाण्याची चाचणी करतील आणि पहिला घास दवाखान्यात द्यायचा का ते ठरवतील. "मोठा झाला की बघू" म्हणून वर्ष घालवणं अशा बाळाला सर्वांत महाग पडतं.

आईवडिलांना किंवा मोठ्या भावंडाला ॲलर्जी आहे, एवढ्याच कारणाने थांबायची गरज नाही. बाळंतिणीनेही दाणे, दूध, अंडं सोडू नये. आईने पथ्य पाळल्याने बाळाची ॲलर्जी टळते असं दिसलेलं नाही, उलट तिचीच आबाळ होते.

कातडीचं काय?

याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, म्हणून जरा थांबून सांगावं लागेल. एखादा पदार्थ पोटातून गेला की शरीर त्याला आपलं म्हणायला शिकतं. तोच पदार्थ फाटलेल्या, खाजवलेल्या कातडीतून आत गेला की शरीर त्याला शत्रू समजू शकतं. इंग्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाण्याचं तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांमध्ये दाण्याची ॲलर्जी जास्त आढळली होती.

आता आपल्या घरातली मालिश आठवा. कुठे फल्लीचं तेल, कुठे तिळाचं, कुठे बदामाचं, आणि वरून दुधात कालवलेलं बेसन. निरोगी कातडीवर याची फार काळजी नाही. पण इसब असलेल्या बाळाला हे चारही लावू नका. त्याला साधं पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेलं बिनवासाचं मलम दिवसातून दोनदा, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये कूलरच्या वाऱ्यातही कातडी कोरडी पडते, तेव्हा तीनदा लावा. दाणे कुटून, शेंगा सोलून तसाच हात बाळाच्या गालाला लावू नका. आधी साबणाने धुवा. नुसतं पाणी किंवा सॅनिटायझर पुरत नाही, प्रथिनं हाताला चिकटून राहतात.

"आधी थोडं गालाला लावून बघू, लाल झालं तर देणार नाही" ही घरगुती परीक्षाही याच कारणाने करू नये.

उष्टावणाच्या खिरीत अडचण कुठे असते

मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात करायची रीत आहे. सहावा महिना छानच. मुलीचं पाचव्यात असेल तर बाळाची तयारी बघा: मान पूर्ण धरते का, आधाराने बसते का, चमच्यातलं अन्न जिभेने बाहेर ढकलणं थांबलं का. तयारी नसेल तर विधीपुरता थेंबभर खिरीचा स्पर्श करा आणि खरं जेवण पुढे सुरू करा. चार महिन्यांच्या आत तर कुठलंच अन्न नको.

खिरीची अडचण वेगळी आहे. शेवया म्हणजे गहू, वर दूध, काजू, बदाम, चारोळी. एका चमच्यात पाच नवे पदार्थ. मामाने चांदीच्या चमच्याने भरवलं, वीस पाहुण्यांनी एकेक चमचा दिला आणि अर्ध्या तासात बाळाच्या अंगावर गांधी उठल्या, तर दोष कुणाला द्यायचा? मग घाबरून सगळंच बंद होतं, आणि बंद होणं हाच तोटा. म्हणून उष्टावणाची खीर नुसत्या तांदळाची ठेवा, आईच्या दुधात किंवा पाण्यात शिजवलेली. सुकामेवा पाहुण्यांच्या वाटीत. बाजारात मिळणारी 'बाळासाठी सुकामेवा पावडर' याच कारणाने सुरुवातीला नको. तिच्यात सात-आठ जिन्नस एकत्र असतात आणि बहुधा साखरही.

जाता जाता: मध चाटवू नका, एक वर्षापर्यंत अजिबात नाही. तो ॲलर्जीचा प्रश्न नाही, बोट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा आहे.

दाण्याची पेस्ट: इथे घाई नको

आधी चार-पाच दिवस साधं अन्न बाळाच्या अंगवळणी पडू द्या: मऊ भात, घट्ट मुगाचं वरण, कुस्करलेला भोपळा. नुसतं वरणाचं पाणी हे जेवण नाही, त्यात काही दम नसतो. मग दाणे.

नागपूरच्या इतवारी बाजारातून किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणलेले १०० ग्रॅम दाणे ताटात पसरवा आणि निवडा. काळे, सुरकुतलेले, आतून पिवळट-हिरवट किंवा कुबट वासाचे दाणे काढून टाका. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने जात नाही. चावून कडवट लागला तर तो सगळा माल परत करा.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ८ ते १० मिनिटं हलवत भाजा. साल सुटू लागली, एक दाणा चोळल्यावर टरफल सहज निघालं, की उतरवा. पूर्ण गार होऊ द्या, सालं चोळून पाखडा. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात आधी पाच-पाच सेकंद थांबत फिरवा, कूट होईल. इथे थांबू नका. कुटात बारीक खडे राहतात आणि बाळाच्या घशात तेच अडकतात. बाजूंना चिकटलेलं खाली ओढत, मिक्सर तापला की थांबत फिरवत राहा. आधी गोळा होतो, मग गोळा मोडतो, तेल सुटतं आणि चमच्यावरून सरकन घसरणारी पेस्ट तयार होते. चिमूटभर दोन बोटांत चोळून बघा. कण लागला तर अजून फिरवा. तेल, साखर, मीठ काही घालायचं नाही. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. बाहेर ठेवलेली पेस्ट आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर खवट होते.

विकतचं पीनट बटर चालेल, पण 'क्रंची' नको, आणि घटकांत साखर, मीठ, मध नको.

पेस्ट तशीच चाटवू नका. टाळूला चिकटते आणि ठसका लागतो. १ चमचा पेस्ट घ्या, २ चमचे गरम पाणी घाला, घोटा. आधी ती फाटल्यासारखी घट्ट होईल. घाबरू नका, अजून थोडं पाणी घाला, की ताकासारखी सैल होते. कोमट झाल्यावर द्या. चमचा म्हणजे ५ मिलीचा. घरातले चहाचे चमचे लहानमोठे असतात, म्हणून औषधाच्या बाटलीचं मोजमाप वापरा. अख्खा किंवा अर्धा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नका, श्वासनलिकेत जाऊ शकतो.

पहिला दिवस

सकाळची वेळ निवडा, दहाच्या सुमाराची. रात्री झोपण्याआधी कधीच नाही, कारण बाळ झोपलं की लक्षणं दिसत नाहीत आणि दवाखानेही बंद असतात. बाळ बरं असलं पाहिजे: ताप, सर्दी, जुलाब नकोत, आदल्या दिवशी लस टोचलेली नको. पुढचे दोन तास एक मोठं माणूस फक्त बाळाकडे बघायला मोकळं हवं. ऑफिसला निघायच्या घाईत किंवा पाळणाघरात सोडायच्या सकाळी हे करू नका.

तोंडाभोवती आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, म्हणजे लाळेने होणारी लाली आणि खरी प्रतिक्रिया यांत गोंधळ होणार नाही. चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच द्या. १० मिनिटं थांबा. या दहा मिनिटांत ओठांची कड, पापण्या, कान आणि मान बघत राहा. गांधी उठायच्या तर बहुधा तिथून सुरुवात होते. काही नाही दिसलं तर अर्धा चमचा पातळ पेस्ट सावकाश द्या आणि २ तास लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी १ चमचा, तिसऱ्या दिवशी २ चमचे. बाळाने तोंड फिरवलं तर बळजबरी नको, उद्या द्या.

तीन दिवस बरे गेले की लोक निःश्वास टाकतात आणि दाणे विसरतात. पुरावा आहे तो नियमित खाल्ल्याचा. 'लीप'मध्ये आठवड्याला किमान ६ ग्रॅम दाण्याची प्रथिनं, तीन किंवा जास्त जेवणांत विभागून दिली होती. आपल्या मापात, आठवड्यातून तीनदा, दर वेळी २ चमचे मूळ घट्ट पेस्ट, म्हणजे साधारण ८ ते १० ग्रॅम दाणे. वरण-भातात, ज्वारीच्या पेजेत, कुस्करलेल्या केळात कालवा. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. बाळ आजारी पडलं तर खंड चालेल, महिनाभराचा नको.

अंडं

अंडं घरात खाल्लं जात असेल तरच. जे घर अंड्याला हात लावत नाही, त्यांनी केवळ ॲलर्जीच्या भीतीने ते आणायचं कारण नाही. घरात जे शिजतं, ते बाळाला लवकर द्यायचं, एवढाच नियम आहे.

आपल्याकडची सर्वांत मोठी चूक म्हणजे पिवळं देऊन पांढरं महिनोन्महिने राखून ठेवणं. ॲलर्जी करणारी प्रथिनं मुख्यतः पांढऱ्यात असतात, म्हणजे ज्याची ओळख करून द्यायची तेच राहतं. पाणी उकळल्यापासून १० ते १२ मिनिटं उकडा, पांढरं-पिवळं एकत्र कुस्करा, आईच्या दुधाने किंवा पाण्याने सैल करा. पहिल्या दिवशी पाव चमचा, दुसऱ्या दिवशी अर्धा, मग एक. पुढे आठवड्यातून दोनदा अर्धं अंडं. हाफ फ्राय, कच्चं अंडं घातलेलं दूध अजिबात नको. जपानमध्ये इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोड्या प्रमाणात देऊन पाहिली. २०१७ साली आलेल्या निकालात, वर्षाच्या वयात अंड्याची ॲलर्जी त्यांच्यातल्या ८ टक्क्यांना होती, आणि न दिलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना.

बाकीचे पटपट

दर नव्या पदार्थाला तीन दिवस द्या. गव्हाला पातळ रवा किंवा दुधाशिवाय शिजवलेला दलिया. दुधासाठी घरचं ताजं दही, २ चमचे. वर्षाच्या आत गाईचं दूध पेय म्हणून नको, पण अन्नातून चालतं. तीळ भाजून बारीक वाटूनच, अर्ध्या चमच्यापासून, कारण अख्खा तीळ तसाच बाहेर पडतो. संक्रांतीत तीळ आणि दाणे एकाच लाडवात येतात, म्हणून दोन्ही आधी वेगवेगळे देऊन झालेले असू द्या, आणि गूळ वर्षानंतर. काजू आणि बदाम पेस्ट करून, दोन वेगळ्या आठवड्यांत. मासे खाणाऱ्या घरात रोहू-कतला उकडून, काटे दोनदा तपासून. झिंगे त्यानंतर. सोयाबीन पीठ करून, शिजवून.

लाली, गांधी आणि धोका

संत्र्याचा रस तोंडाभोवती लागला की बाळाची हनुवटी लाल होते. टोमॅटोनेही होते. ती आंबटाची जळजळ आहे, अर्ध्या तासात पुसट होते आणि रस लागलेल्या जागेबाहेर जात नाही. त्यासाठी नागपूरच्या बाळाला संत्र्यापासून तोडू नका.

गांधी वेगळ्या. डास चावल्यासारखे फुगीर, मधे फिकट, कडेला लाल, खाजरे चट्टे, जागा बदलत पसरणारे. आपण याला "पित्त उठलं" म्हणतो आणि आमसूल चोळतो. खाल्ल्यापासून काही मिनिटं ते २ तासांत असे चट्टे उठले तर तो पदार्थ थांबवा, चट्ट्यांचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. "पुन्हा एकदा थोडं देऊन बघू" हे घरी कधीही नाही.

तिसरा प्रकार फसवा. खाल्ल्यावर १ ते ४ तासांनी बाळ पुन्हा पुन्हा उलट्या करतं, पांढरंफटक आणि गळाल्यासारखं होतं, अंगावर एकही चट्टा नाही. हेही अन्नानेच होऊ शकतं, दुधाने आणि भातानेसुद्धा. लोक "पोट बिघडलं" म्हणून साखर-मीठ-पाणी देत बसतात. दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं होतं ते आठवणीने सांगा.

तातडीची वेळ

सतत खोकला, श्वासाला घरघर, आवाज बसलेला रडका सूर, जीभ सुजणं, एकाएकी मलूल आणि सैल पडणं, किंवा गांधी आणि उलट्या एकत्र: यांतलं एकही दिसलं तर वाट बघू नका. १०८ लावा किंवा जवळच्या, चोवीस तास कॅज्युअल्टी असलेल्या रुग्णालयात निघा. नागपुरातली मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं की घराजवळचं मोठं रुग्णालय, हे पहिला घास द्यायच्या आदल्या दिवशीच ठरलेलं हवं. बाळाला आडवं ठेवा, खांद्यावर उभं धरू नका. श्वासाला त्रास असेल तर मांडीवर अर्धवट बसतं धरा.

उपाय एकच आहे, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या औषधाचं सिरप खाज कमी करतं, श्वास वाचवत नाही. सिरप देऊन अर्धा तास वाट बघणं ही सर्वांत घातक चूक आहे. एकदा अशी प्रतिक्रिया आलेल्या बाळासाठी डॉक्टर घरी ठेवायला ॲड्रेनॅलिन लिहून देऊ शकतात. परदेशात मिळतात तशी तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून अँप्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, आणि १ मिलीची सिरिंज. मात्रा दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोच्या बाळाला १ मिलीच्या अँप्यूलमधले फक्त ०.०८ मिली. अख्खी अँप्यूल भरणं धोक्याचं आहे. म्हणून डॉक्टरांकडून हाताने करून शिकल्याशिवाय आणि सिरिंजवर रेघ मारून घेतल्याशिवाय हे घरी ठेवू नका. आणि गाडीच्या डिक्कीत तर कधीच नाही. बाहेर ४५ अंश असताना डिक्कीत औषध खराब होतं.

रक्ताच्या मोठ्या चाचण्या

"साठ पदार्थांची ॲलर्जी तपासून घ्या" अशा पॅकेजला नकार द्या. रक्तात प्रतिपिंडं सापडणं आणि तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं या दोन गोष्टी आहेत. कर्नाटकातल्या प्रौढांवरच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाची प्रतिपिंडं होती, पण खरी ॲलर्जी असण्याची शक्यता फक्त १.२ टक्क्यांत दिसली. असा कागद हातात आला की बाळाचं दूध, गहू, डाळ, वांगं सगळं बंद होतं, वजन अडतं, आणि न खाल्ल्यामुळे खरी ॲलर्जी होण्याची वाट मोकळी होते. चाचणी करायची ती ज्या पदार्थाने त्रास झाला त्याचीच, आणि तिचा अर्थ ॲलर्जी पाहणाऱ्या डॉक्टरांकडून लावून घ्यायचा.

दुधाची ॲलर्जी खरीच निघाली तर शेळीचं किंवा म्हशीचं दूध हा पर्याय नाही. प्रथिनं इतकी सारखी असतात की बहुतेक बाळांना त्यानेही त्रास होतो.

पाळणाघरात किंवा अंगणवाडीत बाळ जात असेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: कुठला पदार्थ चालत नाही, काय दिसलं की काय करायचं, कुणाचा नंबर लावायचा. पाकिटावरच्या माहितीत दूध, गहू, अंडं, दाणे, सुकामेवा, सोया, मासे यांचा ॲलर्जीचा इशारा छापणं बंधनकारक आहे. तीळ त्या यादीत नाही, म्हणून तिळाची ॲलर्जी असलेल्या बाळासाठी प्रत्येक पाकिटावरची घटकांची ओळ पूर्ण वाचा.